साठवणीतला 'आणि'

खोलीला स्वतःचा आवाज असतो हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही ओरडा खाऊन.

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याच्या कामासाठी मी घाटकोपरच्या एका स्टुडिओत पहिल्यांदा गेले, तेव्हाची गोष्ट. शाळेतली नोकरी सोडून मी नुकतीच या धंद्यात शिरले होते. घरी सगळ्यांना "जमतंय की" म्हणून सांगत होते आणि आतून पार घाबरलेली होते. काचेपलीकडे साठीचे एक गृहस्थ बसले होते. धुऊन धुऊन मऊ झालेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानांवर हेडफोन, समोर कॉम्प्युटरचा पडदा. ते तिथले एडिटर. सगळे त्यांना काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "जेवलीस काय?"

मला भरूनच आलं. परक्या ठिकाणी असं कोण विचारतं? म्हटलं, "नाही हो काका, मुलुंडहून धावतपळत आले."

"मग आधी खाली जाऊन इडली खाऊन ये. उपाशी पोट वाजतं. माईकला सगळं ऐकू येतं."

भरून आलेलं तिथल्या तिथे ओसरलं. मी इडली खाऊन आले. मग त्यांनी बांगड्या काढायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं, कडक इस्त्रीची ओढणी बाहेरच्या खुर्चीवर ठेवायला लावली. एवढं झाल्यावर मी पुस्तक उघडून घसा खाकरला.

"गप बस," काका म्हणाले.

"सुरू नाही करायचं?"

"गप बस म्हटलं ना गो! खोली घेतोय."

खोली घेणं म्हणजे कुणी काही न बोलता, न हलता अर्धा मिनिट बसायचं आणि काकांनी त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. दररोज, कामाला हात लावायच्या आधी. कालची खोली आज चालत नसे, कारण काल एसी वेगळा घरघरत होता, काल बाहेर ऊन होतं, काल तू दुसरा ड्रेस घातला होतास. माझ्यासारख्या काळजीखोर बाईला अर्धा मिनिट नुसतं बसवणं म्हणजे शिक्षाच. गॅस बंद केला का, मुलीने डबा नेला का, कुलूप ओढून बघितलं का, सगळं त्या अर्ध्या मिनिटात आठवायचं. मी चुळबुळ करायचे आणि काचेपलीकडून काका डोळे वटारायचे.

त्या खोलीची गरज विमानांमुळे होती. घाटकोपरवरून विमानं उतरतात, इतकी खालून की गच्चीवर उभं राहिलं तर चाकं दिसतात. स्टुडिओच्या भिंतींना काय काय थापलं होतं, तरी त्यांची घरघर आत यायचीच. मी वाक्याच्या मध्यावर असायचे आणि काका पंजा वर करायचे. मी थांबायचं. विमान जाऊ द्यायचं. मग मागच्या दोन शब्दांपासून पुन्हा उचलायचं. एका प्रकरणाचे असे कितीतरी तुकडे व्हायचे आणि ते तुकडे ऐकणाऱ्याला कळू न देता जोडणं हे काकांचं काम. दोन तुकड्यांमध्ये फट राहिली तर तिथे नुसती कोरी शांतता ठेवून चालत नाही. त्या दिवशीची ती खोली तिथे भरावी लागते.

"कोरं ठेवलं की कानाला खड्डा लागतो," ते म्हणायचे. "अंधारात पायरी चुकल्यावर कसं पोटात होतं, तसं."

त्यांचे वडील गिरणीत कताई खात्यात होते. तुटलेला धागा चालत्या साच्यावर, यंत्र न थांबवता, पुन्हा जोडायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. काका हे अभिमानाने सांगायचे, पण सांगून झालं की लगेच म्हणायचे, "बाबांचा सांधा बोटाला लागायचा. माझा लागत नाय." सांधा ऐकू येता कामा नये, हा त्यांचा एकच धर्म. कुणी म्हणालं, "काका, काय सुंदर जोडलंय", तर ते खूश व्हायच्या ऐवजी हबकायचे. "कुठे? कुठे ऐकू आलं तुला?" असं म्हणून ती फाईल पुन्हा उघडायचे आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथेच अडकून पडायचे. त्यामुळे स्टुडिओत त्यांचं कौतुक करायला कुणी धजावत नसे.

फट त्यांना कुठेच सोसायची नाही. रिक्षात दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर शांत झालं की हात मांडीवर घट्ट आवळलेला दिसायचा. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. फोन तर ते स्वतः कधीच कापत नसत. "ठेवतो" नाही, "अच्छा" नाही. बोलणं संपलं की फोन तसाच टेबलावर ठेवून कामाला लागायचे आणि आपल्याला त्यांच्या माऊसची टिकटिक ऐकू येत राहायची. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "कापला की ठक् करून आवाज येतो. माझ्याच्याने नाय होत. तू काप."

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका वर्षी मी त्यांना भरीला घातलं. कार्यक्रमात दरवर्षी गाण्यांचा घोळ व्हायचा. एक नाच संपला की दुसऱ्याचं गाणं सापडेपर्यंत पाच-पाच मिनिटं खरखर. सेक्रेटरी माझ्या मागेच लागले, "तुमच्या ओळखीत कुणी आहे ना साउंडवाला?" काकांनी सगळी गाणी मागवली आणि त्यांची एक सलग फाईल करून आणली. अगदी मन लावून केली होती. एका गाण्याचा ताल दुसऱ्यात असा शिरत होता की मलाही कळेना कुठे काय संपलं. आणि तिथेच वाट लागली. पहिलीतल्या पोरांचा ससुल्यांचा नाच संपायच्या आत बायकांचं मंगळागौरीचं गाणं सुरू झालं. पोरांना उतरायला वेळच नाही. नऊवारीतल्या बायका स्टेजवर चढल्या आणि लांब कानांचे ससे त्यांच्या पायांत येऊन रडायला लागले. तेवढ्यात ज्येष्ठ नागरिकांचं कोळीगीत वाजायला लागलं, तसे ते वल्ही घेऊन चढले.

"थांबवा! अहो, बंद करा ते!" सेक्रेटरी ओरडत होते.

काका लॅपटॉपवर आडवे झाल्यासारखे बसले होते. "मधेच कसं थांबवू? ठक् होईल ना!"

मी सेक्रेटरींची नजर चुकवत होते. सोसायटीत तोंड कसं दाखवायचं हाच विचार. शेवटी कुणीतरी वायरच उपटली. ठक् असा जो मोठा आवाज आला, त्याने काका खरोखर दचकून उभे राहिले. परतताना रिक्षाच्या स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. मग म्हणाले, "माणसं स्टेजवरून उतरायची पण असतात. ते माझ्या लक्षातच नाय आलं बघ." एवढं बोलून लगेच, "पण एक फट होती काय गो? सांग." नव्हती. मी तसं सांगितलं.

स्टुडिओच्या मालकांचे वडील गेले, तेव्हा भांडुपच्या एका हॉलमध्ये शोकसभा होती. भाषणं झाली, दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उभे राहिले. माझ्या शेजारी काका मान खाली घालून उभे, हात छातीशी. मला वाटलं, मालकांशी इतक्या वर्षांचे संबंध, वाईट वाटत असणार. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून छोटा रेकॉर्डर काढला. "काय हे काका, लाज नाही वाटत?" मी म्हटलं. ते निवांतपणे म्हणाले, "एवढ्या माणसांची शांतता परत कुठे मिळणार? नाटकात भरायला कामाला येते." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. हा माणूस कशाला म्हणून सोडणार नाही, असं वाटलं होतं.

हे सगळं गमतीचं वाटतं ते आता. माझ्या गळ्याशी गाठ आली, तेव्हा त्यातलं काहीही गमतीचं वाटेना.

थायरॉइडची गाठ. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, घाबरायचं कारण नाही. मी आधीच घाबरले होते, त्यामुळे त्यांच्या सांगण्याचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला. या ग्रंथीच्या अगदी मागून आवाजाची नस जाते. आम्ही ती जपतोच, पण क्वचित कुणाचा आवाज बदलतो, बसतो. 'क्वचित' हा शब्द मी घरी घेऊन आले आणि रात्रंदिवस त्याच्याशीच बोलत बसले. नवरा म्हणायचा, "अगं, हजारात एखाद्याचं होतं." मला वाटायचं, तो एखादा कुणीतरी असतोच ना. आवाज हीच माझी मिळकत होती. त्याहून खरं सांगायचं तर, आवाज सोडून माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. भाजी घेताना, मुलीला हाक मारताना मी स्वतःचंच ऐकायला लागले. खरखर वाढली का? काल एवढी होती का?

त्या वेळी आमच्या हातात एक जाडजूड कादंबरी होती. एका घराची तीन पिढ्यांची गोष्ट, सांगणारी एकच बाई. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. निम्म्याहून जास्त झालं होतं, पण ऑपरेशनच्या आधी सगळं संपणार नाही हे दिसत होतं. मी पुस्तक काढणाऱ्या कंपनीच्या निर्मातीला, केतकीला, सगळं सांगितलं. काकांनाही सांगितलं. केतकी लहान पोर, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे किती दिवस आहेत आपल्याकडे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पुस्तक ठेवलंच नाही. म्हणाले, "'आणि' म्हण."

"काय?"

"'आणि'. नुसतं. वेगवेगळ्या तऱ्हेने म्हण. घाईचं, दमलेलं, पुढे काहीतरी वाईट येणार आहे असं, चहा पीत सांगितल्यासारखं. मग 'पण' घेऊ. मग 'म्हणून', 'तरीही', 'मग', 'तर'. श्वास पण घ्यायचेत. हसणं घ्यायचंय. उसासे."

रोज वाचन झालं की हे सुरू. उन्हाळ्यात बायका वर्षभराचे पापड-कुरडया करून ठेवतात, तशी त्यांनी माझ्या आवाजाची साठवण चालवली होती. मोठाले शब्द नकोत. ते म्हणायचे, "नावं, क्रियापदं कुठूनही कापून घेता येतात. सांध्याचेच शब्द सुटे मिळत नाहीत." पहिले काही दिवस मी निमूटपणे केलं. मग एका दुपारी माझा तोल गेला. सकाळीच भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, सही-बिही झाली होती. आणि हे आपले काचेपलीकडून, "अजून एक 'आणि'. जरा लांब."

"काका, मी मेले का?" मी ओरडले. "मुकी झाले का आत्ताच? तुम्ही लोकं माझ्या आवाजाचं लोणचं घालताय! बरी होशील असं एकदा तरी म्हणालात? एकदा? तुम्हाला फक्त तुमचे सांधे दिसतात. त्या शोकसभेत रेकॉर्डर घेऊन उभे होतात ना, तसंच उभे आहात माझ्यासमोर!"

बरोबर तेव्हाच वरून विमान जायला लागलं. नेहमीप्रमाणे काकांचा पंजा वर झाला, मग अर्ध्यावरच खाली आला. विमान गेलं. त्यांनी माईकचं बटण दाबलं आणि फार हळू म्हणाले, "होशील गो बरी. पण माका भीती वाटता."

रागावले किंवा घाबरले की त्यांची मालवणी सुटायची. ते घाबरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. माझं ओरडणं आवरून मी सरळ बसले, घशात आवंढा होता तसाच, आणि म्हटलं, "आणि..." पुढे काही येईना. रडूच फुटलं. त्या दिवशी तेवढंच झालं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. घरचे देवाला पेढे ठेवून आले. पण मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा आतून जे आलं ते माझं नव्हतं. जाड, घोगरं, आणि लांब वाक्याच्या शेवटी हवाच संपायची. डॉक्टर म्हणाले, एका बाजूची नस दुखावली आहे, काही महिन्यांत सुधारेल, कदाचित पूर्वीसारखा होणार नाही. पुन्हा एक शब्द घरी आणला, 'कदाचित'. मी फोन घेणं बंद केलं. दारावर कुणी आलं तर मुलीला पाठवायचे. आरशासमोर उभी राहून 'क' ची बाराखडी म्हणायचे आणि 'कः' पर्यंत पोचायच्या आत बसून घ्यायचे.

आवाज जरा उभा राहिल्यावर स्टुडिओत गेले. उरलेल्यातलं एक पान वाचलं. काकांनी जुन्याच्या पुढे ते लावून ऐकवलं. एका वाक्यापर्यंत मी होते आणि पुढच्या वाक्याला कुणी परकी बाई आत शिरली. मला तिथे बसवेना.

केतकी बिचारी अवघडून उभी होती. कंपनीतून तिच्यामागे घाई होतीच. म्हणाली, "ताई, रागावू नका. वरचे लोक म्हणतायत, तुमचं एवढं जुनं रेकॉर्डिंग आहे, काकांनी ते शब्द पण घेऊन ठेवलेत. मशीनला ऐकवलं तर शेवटची प्रकरणं तुमच्याच आवाजात होतील. तुमच्या परवानगीशिवाय नाही. नाव तुमचंच राहील."

मला चक्क मोह झाला. कुणाला कळणार होतं? माझाच आवाज, माझंच नाव, आणि या घोगऱ्या बाईला कुणाला ऐकवायलाच नको. पण मग पुढच्या पुस्तकाला तरी मला कशाला बोलावतील? त्या एका होकाराने मी कायमची घरी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि नकार दिला तर सगळंच पुस्तक दुसरीकडून वाचून घेतील, हेही दिसत होतं. मी काकांकडे बघितलं.

काका माऊस फिरवत होते. "मशीनला खोली लागते काय?" त्यांनी केतकीला विचारलं.

"नाही काका. सगळं तेच करतं."

"आणि सांधा?"

"सांधाच नसतो त्यात."

"मग मी काय करू?" ते एकदम खुर्ची फिरवून म्हणाले. "मला महिनाभर दे. नाय जमलं तर घाल तुझं मशीन. हिची परवानगी मग माग. आत्ता मागू नको."

केतकीने महिना आणला. कसा ते तिचं तिलाच माहीत.

दोन आवाज जोडायची काकांची रोजची रीत अशी होती. पहिला उतरवत न्यायचा, दुसरा चढवत आणायचा, मध्ये दोघे क्षणभर एकमेकांवर राहतात. पडद्यावर दोन तिरक्या रेघा फुलीसारख्या एकमेकींना छेदून जाताना दिसायच्या. ही फुली डोळ्यांची पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाची असते. मला वाटलं, काका माझ्या घोगऱ्या आवाजावर काहीतरी करामत करून तो जुन्यासारखा करणार. त्यांनी दुसरंच सांगितलं.

"पुढची प्रकरणं वाच. आणि मागची पण परत वाच. निम्म्यापासून."

"मागची तर चांगली झाली आहेत, काका."

"चांगलीच झालीत गो. म्हणूनच तर."

म्हणून मी त्या घोगऱ्या आवाजात मागची प्रकरणं पुन्हा वाचायला बसले. रोज थोडं थोडं. हवा संपली की थांबायचं. आता विमानापेक्षा माझ्यासाठीच पंजा जास्त वेळा वर व्हायचा. रोज आधी अर्धा मिनिट खोली. मी चुळबुळ करेनाशी झाले होते, कारण त्या अर्ध्या मिनिटात मला बोलावं लागत नसे. काका काय करतायत ते विचारलं तर सांगायचे नाहीत. फक्त येताना "जेवलीस काय?" आणि एकदा, काम संपवून मी चपला घालत होते, माईक केव्हाचा बंद झाला होता, तेव्हाही विचारलं, "जेवलीस काय?" मी वळून बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

महिना संपता संपता त्यांनी केतकीला बोलावलं. पुस्तकातली निवडक ठिकाणं तिला ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, आवाज परत आला की तुमचा! सांगितलं का नाहीत?" मी तिच्याशी त्या क्षणी बोलतच होते, त्याच घोगऱ्या आवाजात. तरी तिच्या लक्षात आलं नाही. काकांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला. मशीनचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुस्तक आलं, तरी कितीतरी दिवस मी ते ऐकलं नाही. धीरच होत नव्हता. दुसऱ्यांना काही का वाटेना, आपल्याला आपला आवाज फसवू शकत नाही, असं वाटायचं. तोपर्यंत स्टुडिओची बिल्डिंग पाडायला घेतली होती, काका गावी मालवणकडे निघून गेले होते. शेवटी एका दुपारी घरात कुणी नसताना मी भाजी निवडायला घेतली आणि मोबाइल समोर ठेवून निम्म्यापासून लावलं.

मी धक्क्याची वाट बघत होते. प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता, आता येईल ती बाई. सुरुवातीला माझाच जुना आवाज. मग कुठेतरी, घरातलं एक माणूस जातं त्या जागी, एक कुजबुजलेलं वाक्य घोगरं. तिथे ते शोभलं. पुढे बऱ्याच वेळाने आणखी एक. मग रागाचा एक शब्द. मग अर्धं वाक्य. काकांनी पापणी लवेल एवढी फुली सोडून देऊन अर्ध्या पुस्तकाएवढी लांब फुली घातली होती. सांगणारी बाई गोष्ट सांगता सांगता दमत गेली, थकत गेली, असं वाटत होतं. कुठे बदलली म्हणून बोट ठेवायला जावं तर जागा सापडेना. शेवटच्या प्रकरणाला सगळी मीच होते, आत्ताची मी, आणि मला तिचा राग आला नाही. भाजी तशीच पडली होती.

शेवटचं वाक्य माझ्या चांगलं लक्षात होतं. "आणि तिने दार ओढून घेतलं." तिथे पोचल्यावर मी दचकले. 'आणि' माझा जुना होता. साठवणीतला. साठवणीतलेही बरेच होते, पण हा मी लगेच ओळखला. त्यात आवंढा होता. विमान गेल्यानंतर, ओरडून झाल्यानंतर, रडू फुटायच्या आधीचा. पुढे "तिने दार ओढून घेतलं" मात्र घोगरं, आत्ताचं. दोन्हींच्या मध्ये केसाएवढीही फट नव्हती. मी ते तेवढंच पुन्हा लावलं, पुन्हा पुन्हा लावलं, आणि पोटभर रडून घेतलं.

मग काकांना फोन लावला. काय बोलायचं ते मनात ठरवलं होतं. काका, तो शेवटचा 'आणि' ऐकला. तुम्ही तो जपून ठेवलात. माझा आवाज तुम्ही टाकून दिला नाहीत, जुनाही नाही आणि नवाही नाही.

"जेवलीस काय?" त्यांनी विचारलं.

"हो. काका, मी पुस्तक ऐकलं."

मग घाईघाईत, घाबरून, "सांधो ऐकू इलो काय गो खंय? खरां सांग. शेवटाक? शेवटाक एक माका जरा..."

ठरवलेलं सगळं ओठांवर होतं. ते मी बोलले असते तर हा माणूस त्या दुपारी जेवला नसता.

"नाही, काका," मी म्हटलं. "कुठेच नाही आला ऐकू."

"शेवटाक पण नाय?"

"शेवटी पण नाही."

त्यांचा मोठा श्वास ऐकू आला. मग फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज. ते नेहमीप्रमाणे न सांगता आपल्या कामाला निघून गेले होते. लांब कुठेतरी कोंबडी ओरडत होती, रहाटाची करकर होती, पंखा फिरत होता. मी फोन कापला नाही. हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता, त्यांची खोली ऐकत बसले.